ओट्यावरची बॅटरी

मामा, तुझं पत्रक मी अजून लिहिलेलं नाही.

कागद आणून ठेवलाय. तुला आवडायचा तसलाच पिवळा, पातळ, डहाणू स्टेशनजवळच्या दुकानातला. तुझ्या मातीहून परतताना रस्त्यातच सगळ्यांनी ठरवून टाकलं, शोकसभेचं पत्रक भाचीच लिहिणार. मी मान हलवली. तेव्हापासून पहिल्याच ओळीवर अडकले आहे आणि अडकवणारा तूच आहेस. पत्रकात एक नाव असलंच पाहिजे, हा तुझा नियम. हे कोणी केलं, त्याचं नाव. नाव नसलेलं पत्रक म्हणजे रडगाणं, आणि रडगाण्यासाठी तू कधी शाई घालवली नाहीस.

मी अक्षरं तुझ्या पत्रकांवर गिरवली. शाळेच्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. तुझ्या पत्रकात जमीन होती, जंगल होतं, ठेकेदार होता. ठसा कळायच्या आधी मला ठेकेदार कळला. घरी कोणी साखर वाटायला आलं तरी मी विचारायचे, का वाटता? आई तुझ्यापुढे हात जोडायची. "दादा, पोरीला जरा हसायला पण शिकव." तू म्हणायचास, "हसेल ती. आधी विचारू दे."

तर मी विचारते आहे. तू गेलास त्या दिवशी तुझी बॅटरी कोणी संपवली?

तुझ्या रमेशचा फोन आला तेव्हा मी चारोटी नाक्यावर तलासरीच्या जीपची वाट बघत होते. उधव्याच्या फाट्यावरून पाड्यापर्यंत चिखलातून पळत आले. तुला ओट्यावर निजवलं होतं. मामी पायाशी बसली होती, रडत नव्हती, तुझ्या टाचेवरचा वाळलेला चिखल नखाने काढत होती. हवेतून ऑक्सिजन ओढणारं तुझं मशीन दाराआड गप्प उभं होतं, नळी त्याच्यावर गुंडाळून ठेवलेली. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मी तुझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. बॅटरीचा दिवा लाल होता.

हिरवा म्हणजे भरलेली, पिवळा म्हणजे निम्म्याच्या खाली, लाल म्हणजे संपली. हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तुझ्या चेहऱ्याआधी मी त्या दिव्याकडे बघितलं म्हणून तू रागावणार नाहीस, मला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं केव्हाच संपली होती, आज नाही तर चार दिवसांनी. ते वाक्यसुद्धा मी तू शिकवलंस तसं वाचलं. या वाक्यातून सुटतंय कोण?

*

आपलं पहिलं भांडण आठवतं? संस्थेची माणसं येऊन गेली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन वापरणाऱ्यांना सौर पॅनल आणि बॅटरी फुकट. तू खडी क्रशरवर जवानी घालवलीस, तिथली धूळ तुझ्या छातीत बसली, आणि आता त्याच रस्त्याने गाडी आली होती तुला श्वास द्यायला. मी फणफणत आले.

"कंपनीच्या पैशावर चालते ती संस्था. समुद्राकडे जागा मागतात, डोंगराकडे जमीन मागतात, आणि मध्ये एका म्हाताऱ्याच्या दारात काच उभी करून फोटो काढतात."

"म्हातारा कोणाला बोलतेस?"

"मामा, विषय बदलू नकोस."

"विषय श्वासाचा आहे. लाइट गेली की तुझी मामी मला पुठ्ठ्याने वारा घालते. पुठ्ठ्यात ऑक्सिजन असतो का? तू शिकलेली, तू सांग."

"फुकट देणाऱ्याला आधी विचार, असं कोणी लिहिलं होतं?"

"मीच लिहिलं होतं. विचारलं मी. ते बोलले, फोटो पायजे. मी बोललो, काढा. फोटो काढून मी आहे त्यापेक्षा बारीक होणार आहे का?"

मामी आतून हसली होती. मी हसले नव्हते. तुझ्यासारख्या माणसाने, ज्याच्या एका पत्रकावर मामलेदाराची खुर्ची हलायची त्याने, कंपनीच्या पॅनलखाली बसून फोटो द्यावा, हे मला सहन होत नव्हतं. तरी बसवायच्या दिवशी मी आले. पहारा द्यायला आले, खरं सांगायचं तर. कुठे अंगठा घेतात, काय बोलतात, परत जाताना काय घेऊन जातात ते बघायला.

काहीच घेऊन गेले नाहीत. त्यामुळे संशय जास्तच वाढला.

वापीहून टेम्पो घेऊन हितेश आला होता, पॅनल बसवणारा. त्याने आधी घराकडे बघितलं. कुडाच्या भिंती, वर कौलं. "काका, या छतावर नाय बसणार. हवेमां उडून जशे." मग अंगणात लोखंडी खांब रोवून त्यावर पॅनल चढवली. पहिल्याच दिवशी बकऱ्या खाली सावलीत जाऊन बसल्या. मग बॅटरी. हितेश ती आत, देवाच्या भिंतीला लावणार होता. तू ओट्याकडे बोट दाखवलंस. वळचणीखाली, पाऊस लागणार नाही तिथे, बाहेरच्या भिंतीवर. आणि खाली प्लगांची रांग.

"काका, घरमां राखो. बाहेर कोण पण येऊन प्लग लावेल."

"म्हणून तर."

"पण बॅटरी तुमच्या मशीनसाठी आहे ना?"

"मशीन माझी, ती आत राहील. तिची वायर भिंतीतून घे. वीज काय माझी एकट्याची आहे? सूर्याला मी बोलावला का?"

हितेशने माझ्याकडे बघितलं, यांना समजावा, अशा नजरेने. मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेले नाही. एक सेटिंग करता येतं. बॅटरी खाली यायला लागली की बाहेरचे प्लग आपोआप बंद, उरलेली वीज फक्त मशीनला. "एक मिनिटाचं काम आहे, काका."

तू म्हणालास, "नको."

*

ज्यांना आपला पाडा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे विस्तव मागत नाहीत. ज्याची चूल विझली असेल तो कौलाचा तुकडा घेऊन दुसऱ्याच्या चुलीशी येतो, राखेतून एक निखारा उचलतो आणि जातो. विचारत नाही. घरची बाई मान वर करून बघतही नाही. विचारलं तर तिला लागतं. विचारलंस म्हणजे मी नाही म्हणू शकले असते, असं तुला वाटलं का? आता घराघरात लायटर आहेत, तरी म्हाताऱ्या बाया अजून तशाच येतात, आणि मामी अजून राखेखाली दोन निखारे जपून ठेवते.

बॅटरीलाही पाड्याने हेच लावलं. लोक आले, प्लग लावला, बसले, उठून गेले. कोणी विचारलं नाही, तूही कोणाकडे बघितलं नाहीस. शेजारचा लाडक्या रविवारी केस कापायचं मशीन घेऊन यायचा आणि ओट्यावर पाड्याची डोकी भादरायचा. तुझं डोकं त्याने एकदा असं कापलं की मामी म्हणाली, "याला आता कणसं खाणाऱ्या पाखरांना भिववायला उभा करा." पोरं परीक्षेला त्याच दिव्याखाली बसायची. धाकट्या डहाणूहून सुके बोंबील घेऊन येणारी भानूबाय टोपली उतरवायच्या आधी चार्जर लावायची, कारण तिचा पोरगा बोटीवर असतो आणि फोन बंद पडला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. लाइट गेली की सगळा पाडा तुझ्या ओट्यावर. मला वाटतं तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सभा ती होती. भाषण न करता भरलेली.

आणि मी? मी त्या ओट्यावर बसूनही शंका काढत होते. संस्थेची गाडी परत कधी येते. ही बॅटरी नवी आहे की कुठून काढून आणलेली. मध्येच काढून नेली तर. तुला एक शंकासुद्धा आली नाही याचाही मला संशय यायचा. तुला हे सगळं आधीपासून हवं होतं ना, मामा? तू त्यांना आजार दाखवलास आणि पाड्यासाठी वीज घेतलीस. मी तुला हे विचारलं तेव्हा तू खोकत होतास. खोकला खरा होता, पण वेळ मात्र तू बरोबर साधलीस.

*

आपलं शेवटचं भांडण त्याच ओट्यावर झालं. फाट्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. कोणी दुरुस्तीला येत नव्हतं. आभाळ सतत भरलेलं, पॅनलवर ऊन नावाला. दिवा पिवळा. आत तुझं मशीन घरघरत होतं आणि बाहेर पाच फोन लागले होते.

मी म्हटलं, "विस्तव नेला तरी चूल तेवढीच राहते, मामा. बॅटरी तशी नाही. तिला तळ आहे."

"मला शिकवतेस?"

"हो. हितेशला बोलव, ते सेटिंग लावू दे. नाहीतर निदान लोकांना सांग."

"काय सांगू? माझा श्वास बाजूला ठेवा आणि उरलेलं न्या?"

माझ्याकडे उत्तर होतं. जिभेवर होतं. तेवढ्यात तुला उबळ आली, मामी पाणी घेऊन धावली, आणि मग तूच विषय काढलास ट्रान्सफॉर्मरचा. दुसऱ्या दिवशी अंगणात मीटिंग लावायची, वीज कार्यालयावर जायचं. निरोप मी सांगायचे. मी सांगत सांगत चारोटीपर्यंत गेले. उत्तर तसंच राहिलं.

*

तू गेल्यावर मी पहिला संशय घेतला तो कंपनीवर. सोपं होतं. फाट्यावर संस्थेने फ्लेक्स लावला होता, तुझा पॅनलसमोरचा फोटो, वर कंपनीचं चिन्ह, खाली "आमचे लाभार्थी यांना भावपूर्ण श्रद्धांजली". आयुष्यभर लोक तुला कार्यकर्ता म्हणत आले, आणि मेल्यावर तू लाभार्थी झालास. तो शब्द दिसला की तू पत्रकाचा कागद चुरगाळायचास. मी तिथे उभ्या उभ्या पत्रक मनात लिहून टाकलं. सडकी बॅटरी देऊन आदिवासी कार्यकर्त्याचा जीव घेतला. नाव मोठं होतं, वाक्य चांगलं होतं. फक्त खरं आहे का ते बघायचं राहिलं होतं. तेही तूच शिकवलं होतंस, नाहीतर मी तेवढ्यावरच थांबले असते.

हितेशला फोन केला. तो घरच्या माणसासारखा घाईने आला, बॅटरी उघडली, तारा लावल्या, बराच वेळ बघत बसला.

"बेन, बॅटरीमां प्रॉब्लेम नथी. एकदम सारी छे. खाली झाली, बस."

"तुम्ही कंपनीकडून बोलताय."

त्याला राग आला. "मी वापीमां भाड्याच्या घरात राहतो, बेन. कंपनी मला ओळखत पण नाय. काका मला ओळखायचे." मग तारा गुंडाळत म्हणाला, "मोबाइलने एवढी खाली नाय होत. कोणीतरी मोटर लावली. मी सांगून गेलेलो, मोटर नका लावजो."

मी त्याच्यावरही पूर्ण विश्वास ठेवला नाही. पण "कोणीतरी" हा शब्द मनात राहिला.

तोपर्यंत रमेशने तो शब्द पाड्यावर लावून टाकला होता. वापीतून तो लोखंडी जाळीची पेटी वेल्डिंग करून घेऊन आला, कडीकुलपासकट. "पाड्याने मारलं माझ्या बापाला," तो अंगणात उभा राहून म्हणाला. "बाप श्वास मोजत होता आणि हे मोबाइल चार्ज करत होते. आता कोणी प्लग लावून दाखवा." त्या दिवसापासून ओट्यावर कोणी चढलं नाही. ट्रान्सफॉर्मर अजून जळलेलाच होता, घराघरात अंधार होता, आणि ओट्यावर बॅटरी भरून हिरवी झाली होती. तुझ्या ओट्यावर मी पहिल्यांदाच एवढी वीज आणि एवढी शांतता बघितली.

रमेशच्या रागाच्या खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. तुझा जास्तीचा ऑक्सिजनचा सिलिंडर भरायला तोच वापीला घेऊन गेला होता. हायवेला ट्रक उलटला, तो अडकला, आणि भरलेला सिलिंडर घेऊन तो आला तेव्हा तू गेला होतास. त्याला कोणीतरी पाहिजे होतं. मलाही.

म्हणून मी घराघरात गेले. विचारलं. त्या दिवशी कोणी काय लावलं होतं?

"मोबाइल," एकजण म्हणाला. "मोबाइल," दुसरी म्हणाली, "तो पण जुना, लवकर भरतो." कोणी बॅटरीचा कंदील लावला होता. लाडक्या आपल्या दारात केसांचं मशीन पुसत बसला होता.

"लावली होती मी. दोन डोकी केली. तिसऱ्याला बोललो, आता पिवळा झाला, उद्या ये."

"आणखी कोण होतं? मोटर कोणी लावली?"

त्याने मशीन खाली ठेवलं. "तू पोलिसासारखी विचारतेस."

"मला खरं पाहिजे, लाडक्या."

"तुझा मामा मला कधी कधी मारायला धावायचा, ठाऊक आहे ना? त्याचा मार खाल्ला असता मी. पण असा कोणी विचारला नव्हता आपल्या पाड्यात."

मी परत आले. प्रत्येकाच्या हातात कौलाच्या तुकड्यावर मावेल एवढाच विस्तव होता. सगळे मिळून लपवत आहेत असंही मला वाटलं, लिहून ठेवते. मग पाड्याच्या बोअरच्या मोटरीसमोरून जाताना थांबले. तिच्या पेटीला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याच घरात, चुलीमागच्या खुंटीला.

*

मामी तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. काय विचारायचं ते सुचत नव्हतं, आणि तिने विचारू दिलंही नाही.

"मीच लावली मोटर," ती म्हणाली.

मामी तिच्या बोलीत बोलली, मी इथे सगळ्यांना समजेल असं लिहिते. तू असतास तर यावरून पण भांडला असतास.

"तो बोलला, टाकी भर. पिंपं पण भर. उद्या माणसं येतील."

"मीटिंगची माणसं?"

"मला काय ठाऊक? मी त्याला बोलले, मीटिंगला माणसं चहा पितात. चार पिंपं पाणी कोण पितो? हसला. बोलला, तू भर."

"आणि मशीन? दिवा पिवळा होता, मामी."

"मला दिसतो पिवळा. मी आंधळी आहे का?" तिने सूप पालथं केलं, खडे एका बाजूला झटकले. "मी विचारलं त्याला, मशीन? तो बोलला, रमेश येतोय सिलिंडर घेऊन, तोपर्यंत चालेल. पाड्यात प्यायला पाणी नव्हतं, पोरी. लाइट जाऊन किती दिवस झाले होते. बाया ओढ्याचं गढूळ पाणी गाळून आणत होत्या. त्याने सांगितलं म्हणून नाही लावली. पाणी नव्हतं म्हणून लावली. त्याने नाही सांगितलं असतं तरी लावली असती."

माणसं आली, मामा. दुसऱ्या दिवशी सगळीकडून आली, तलासरीहून, डहाणूच्या बागांमधून, कुठून कुठून. मीटिंगचा निरोप मिळालेलीही आली आणि मातीचा निरोप मिळालेलीही. त्याच पिंपांतल्या पाण्याने तुला आंघोळ घातली. परत येऊन सगळ्यांनी त्याच पाण्याने हातपाय धुतले. ऊन नव्हतं तरी मला तहान लागली होती. मी तांब्या तोंडाला लावून ते पाणी प्यायले.

माझा संशय आता तुझ्यावर आहे. तुला कोणती माणसं म्हणायची होती? मी रोज वेगळं उत्तर ठरवते. एक दिवस वाटतं, मीटिंगच. तुझ्यासारख्या माणसाला ट्रान्सफॉर्मरच्या आधी मरायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मला तुझं ते हसणं दिसतं, "तू भर" म्हणतानाचं. हे तू मला कधीच सांगणार नाहीस, आणि यावरून मी तुझ्याशी मरेपर्यंत भांडणार आहे.

मी मामीला म्हटलं, "हे मी कुठे लिहिणार नाही."

"का?"

"लोक काय म्हणतील? रमेश काय म्हणेल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "त्याच्या पत्रकात माझं नाव कधी आलं? मोर्चाला भाकऱ्या मी थापल्या. जेलात डबा मी नेला. पत्रकात काय, तर 'महिला भगिनी मोठ्या संख्येने उपस्थित होत्या'. मी कधी मोठी संख्या होते का? एकटी होते. आता लिही. जानकीने मोटर लावली, असं लिही."

*

रमेश जाळीची पेटी भिंतीवर बसवायला आला तेव्हा लोक लांबून, आपापल्या दारातून बघत होते. त्याने ड्रिल काढलं, इकडे तिकडे बघितलं आणि त्याच बॅटरीच्या प्लगला लावलं. दुसरीकडे वीज नव्हतीच. भोक पाडायला सुरुवात केली आणि मामी ओट्यावर आली.

"बंद कर ते. मोटर मी लावली होती."

"आई, आत जा. लोकांसमोर काय पण बोलू नको."

"लोकांसमोर बोललास तू. मी पण लोकांसमोरच बोलते." आणि तिने सगळं सांगितलं. पाणी, पिंपं, पिवळा दिवा. ट्रकचंही सांगितलं. रमेशकडे बघून नाही, अंगणाकडे बघून. "सिलिंडर येणार होता. नाही आला. त्यात याचा दोष नाही, माझा नाही, कोणाच्या मोबाइलचा नाही."

ड्रिल रमेशच्या हातात नुसतं धरलेलं राहिलं. "मी सकाळीच निघालो असतो तर," तो म्हणाला.

आणि नेमकी तेव्हाच भानूबाय आली. ती तुझ्या मातीला नव्हती, तिला निरोपच पोचला नव्हता. डोक्यावर टोपली, पदराने घाम पुसत सरळ ओट्यावर चढली. ड्रिलच्या बाजूच्या प्लगात चार्जर घातला आणि मग टोपली उतरवली. नेहमीसारखं. न विचारता. अख्खा पाडा बघत होता.

"जानके, म्हातारा झोपलाय काय गो? आज मशीनचा आवाज नाय."

मामीने सांगितलं. भानूबाय मटकन खाली बसली. मग कसं झालं ते विचारलं, आणि मामीने तेही सांगितलं, लपवलं नाही. ऐकता ऐकता भानूबायचा हात चार्जरकडे गेला. तिने तो भिंतीतून उपटला.

"आणि मी इथं इतके दिवस लावते? अगो, मला सांगायला नको? तुझ्या नवऱ्याचा श्वास हाय त्याच्यात, हे मला कोणी सांगितलाच नाय! मी नाक्यावर लावला असता. माझा पोरगा थोडा वेळ नसता बोलला तर काय बुडाला असता?"

ती तुझ्यावर चिडली होती, मामा. मेलेल्या माणसावर कोणी एवढं चिडलेलं मी बघितलं नाही.

आणि माझं अडकलेलं उत्तर तिने देऊन टाकलं. माझा श्वास बाजूला ठेवा आणि उरलेलं न्या, हे सांगू का, असं तू विचारलंस. हो. सांगायचं होतंस. त्यांनी ठेवला असता. लाडक्याने तिसरं डोकं परत पाठवलं, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. तू पाड्याला सगळं दिलंस, फक्त तुझ्यासाठी थोडं मागे ठेवायची संधी दिली नाहीस. आयुष्यभर लोकांवर विश्वास ठेवा म्हणून लिहिलंस. एवढ्या एका गोष्टीत तू त्यांच्यावर विश्वास ठेवला नाहीस. मी संशयी म्हणून तू मला चिडवायचास. आता बोल.

रमेशने भानूबायच्या हातातला चार्जर घेतला आणि परत भिंतीत घातला. "राहू दे, बाय," म्हणाला. जाळीची पेटी त्याने उचलून मागे नेली. आता मामी तिच्यात रात्रीच्या कोंबड्या कोंडते.

तुझं मशीन लाडक्याच्या बापाला दिलंय. तोही त्याच क्रशरवर होता, तुला माहीत आहे, त्याची छाती आता तुझ्यासारखीच वाजते. वायर तुझ्या ओट्यावरून त्यांच्या दारात गेली आहे. हितेशचं ते सेटिंग आम्ही लावलेलं नाही. मामीने त्याच्याऐवजी ओट्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, दिवा पिवळा झाला की कोणी वीज न्यायची नाही, आत माणूस आहे. आपल्या पाड्यात विस्तवाबद्दल कोणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. कोणाला लागलं नाही.

फाट्यावरचा फ्लेक्स मी उतरवला. तुझा फोटो तेवढा कापून मामीला दिला. संस्थेचा माणूस मामीचा व्हिडिओ काढायला येणार आहे म्हणे, मी ओट्यावरच बसून राहणार आहे. कंपनीवरचा माझा संशय गेलेला नाही. ट्रान्सफॉर्मर का जळतो आणि जळल्यावर पाड्यात कोणी का येत नाही, त्याचं पत्रक वेगळं निघेल, आणि त्यात नावं असतील.

पण हे पत्रक तुझं आहे. पहिली ओळ लिहिली आत्ता. "जानकीने मोटर लावली, म्हणून त्या दिवशी पाड्याला पाणी मिळालं." तुझं नाव दुसऱ्या ओळीत येतं. चालवून घे.

लिहिताना समोर भानूबाय आली. टोपली डोक्यावर तशीच, एका हातात चार्जर. ती ओट्याच्या पायरीवर थांबली आणि तिने आधी मान वर करून दिव्याकडे बघितलं.

"हिरवा हाय," ती म्हणाली, आणि मग वर चढली.